अण्णांचा सवाल घेऊन सौदीला

"सौदीला कोण फिरायला जातं गं?" चिपळूणच्या आमच्या पोस्टातल्या एकूण एक माणसाने मला हे विचारलं. लोक तिथे कमवायला जातात, नाहीतर मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जातात. रजेच्या अर्जावर कारण लिहिताना मीही जरा अडखळले. मग सरळ लिहून टाकलं, "भावाचं गाणं ऐकण्यासाठी." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

या ब्लॉगवर आजवर मी किल्ले, देवळं आणि खानावळी यांच्यापलीकडे गेले नव्हते, तेव्हा थोडी ओळख करून देते. माझा धाकटा भाऊ मंगेश सहा वर्षं रियाधला इलेक्ट्रिशियन आहे. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, त्यामुळे अर्धा भाऊ आणि अर्धा पोरगा. त्याची आणि जेद्दाच्या इम्तियाजची रॅपची जोडी आहे, नाव 'दक्षिणवाले'. दोघेही मूळचे दक्षिण रत्नागिरीचे, मंगेश संगमेश्वराकडचा आणि इम्तियाजचं घराणं राजापूरच्या किनाऱ्यावरचं. सुरुवातीला मुंबईच्या कुणा रॅपवाल्याने यांच्या गाण्याखाली लिहिलं होतं, "हे दक्षिणेकडचे गावठी उच्चार घेऊन कुठे निघालात?" यांनी तेच नाव लावून घेतलं. मला हा खोडसाळपणा फार आवडला.

आणि आमचे अण्णा, म्हणजे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, तुऱ्याचे शाहीर. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा सामना होतो. एक पार्टी शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. पायात चाळ बांधून पोरं गोल नाचतात, मध्ये ढोलकी आणि झांज, आणि शाहीर गाण्यातून समोरच्या पार्टीला सवाल घालतो. समोरच्याने त्याचा जवाब द्यायचा आणि वर आपला सवाल टाकायचा. सवाल आला की तो ऐकावाच लागतो. कानांवर हात ठेवून घरी निघून गेला तर तो शाहीर कसला?

इम्तियाजचे आजोबा शक्तीवाले शाहीर होते. मंगेशने तीन वर्षांपूर्वी त्याच्या खांद्यावर हात टाकून, एकाच माइकवर, अण्णांच्या चालीत गाणं म्हटलं आणि त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. अण्णा एवढंच म्हणाले, "शक्तीवाल्याच्या शेजारी उभा राहिला." जात-धर्माचं त्यांना काही नव्हतं हो, त्यांचा राग शेजारी उभं राहण्याचा होता. सामना समोरासमोर करायचा असतो. त्या दिवसापासून मंगेशचा फोन आला की अण्णा उचलतात, "जेवलास का?" विचारतात आणि फोन आईकडे देतात. तीन वर्षांत त्यांनी त्याचं एकही गाणं ऐकलेलं नाही. लावलं की उठून परसात जातात.

मंगेशला बाकी काही नको होतं. "ताय, एक गाणं त्यांनी पुरं ऐकावं, मग शिव्या दिल्या तरी चालतील," असं तो दर फोनला म्हणायचा आणि मी दर फोनला विषय बदलायचे.

निघायच्या आदल्या दिवशी मी अण्णांना निरोप घ्यायला गेले, तेव्हा मुद्दाम म्हटलं, "आता ते दोघे शेजारी नाही उभे राहत. एक इकडे, एक तिकडे. एक विचारतो, दुसरा सांगतो."

"समोरासमोर?"

"समोरासमोर."

रात्री मी तिथेच राहिले. सकाळी माझी बॅग रिक्षात चढत असताना अण्णांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि दोन ओळी म्हटल्या. सवाल होता. माझ्याकडून चारदा म्हणवून घेतला. मी पर्समधून पेन काढलं तर खेकसले, "कागदावर नाय. सवाल तोंडानं जातो. त्यांच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर घाल. जवाब आला तर घेऊन ये." कुणाला घालायचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पोराची परीक्षा घ्यायची होती त्यांना, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. जवाब चुकला तर ते दार कायमचं बंद होणार, एवढं मला कळत होतं, आणि मुंबईच्या विमानतळापर्यंत मी त्या दोन ओळी घोकत होते.

रियाध

व्हिसा एजंटकडून काढला. जानेवारीत गेले आणि स्वेटर न नेण्याचा गाढवपणा केला. वाळवंट म्हणजे गरम, अशी आपली समजूत असते. संध्याकाळी रियाधला उतरले तेव्हा दात वाजत होते. मंगेश विमानतळावर स्वतःचं जाकीट हातात धरूनच उभा होता. "ठाव होतं मला," म्हणाला. सहा वर्षांत खांदे रुंद झालेत, डोक्यावरचे केस मागे सरकलेत. मी भर विमानतळावर रडले, त्याने इकडेतिकडे बघत "यल्ला, यल्ला, चल, गाडीत रड," म्हणत मला बाहेर काढलं.

राहिले बत्हा या जुन्या कामगार वस्तीत. स्वस्तात राहायचं आणि आपलं जेवायचं असेल तर बत्हासारखी जागा नाही. खाली पैसे पाठवायची दुकानं, वर लॉज, समोर बांगलादेशी भाजीवाला, शेजारी केरळवाल्याची खानावळ. भात, मासळीचं कालवण आणि पापड पंधरा रियालच्या आत. भात मागाल तेवढा. मी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा वाढणारा हसून हिंदीत म्हणाला, "दीदी, कोंकण से?" म्हटलं, कसं ओळखलंस? तर म्हणे, "रस्सा पहले सूँघा, फिर खाया."

मंगेशच्या कंपनीच्या कामगार-कॅम्पात बायकांना प्रवेश नाही, म्हणून त्याची खोली त्याने व्हिडिओवर दाखवली. सहा पलंग, वर-खाली. त्यातला खालचा एक म्हणजे 'दक्षिणवाले'चा स्टुडिओ. पलंगाभोवती चार ब्लँकेटं लटकवायची, आत फोन घेऊन शिरायचं आणि गायचं. उन्हाळ्यात एसीचा आवाज येतो म्हणून एसी बंद. बाकीचे पाच जण तेवढा वेळ बाहेर पायऱ्यांवर बसून घाम पुसत राहतात, आणि एकाचीही तक्रार नाही. त्या पाच माणसांना माझा नमस्कार.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने ओलायात गेलो. तिकीट चार रियाल, डबे इतके स्वच्छ की चपला काढाव्यात असं वाटतं. काचेचे मनोरे, बँका, कडक इस्त्रीचे लोक. एका मनोऱ्यापाशी मंगेश थांबला आणि म्हणाला, "हितं माझं पहिलं गाणं शूट झालं." मी ते गाणं पाहिलंय. दुसऱ्याचा गॉगल, दुसऱ्याच्या पांढऱ्या गाडीला टेकलेला, तोंडात सगळी हिंदी, आणि शब्द काय, तर पैसा, दुश्मन आणि पार्टी. ज्याला रिक्षावाल्याशी वाद घालता येत नाही तो दुश्मनांना धमक्या देतोय! आम्ही दोघं फुटपाथवर उभं राहून पोट धरून हसलो.

"मग सुधारलास कसा रे?"

"शिव्या खाऊन."

ते गाणं ऐकून जेद्दाहून एकाने व्हॉइस नोट पाठवली होती. चाळीस सेकंदांची, अस्सल कोकणीत, ठेक्यावर. सार असं होतं, की गाडी कुणाची, गॉगल कुणाचा, तुझं स्वतःचं काय आहे ते बोल. मंगेश चिडला. त्याच संध्याकाळी ब्लँकेटात शिरून त्याने उलट चाळीस सेकंद पाठवले. तिकडून परत आलं. असं अकरा दिवस चाललं. अकराव्या दिवशी इम्तियाजने लिहिलं, "भावा, ह्याचं गाणंच झालं की."

तेव्हापासून तीच त्यांची पद्धत आहे. ते एकत्र बसून गाणं लिहीत नाहीत. एकाने कडवं पाठवायचं, दुसऱ्याने एका दिवसाच्या आत जवाब द्यायचा, एका दमात, दुरुस्ती नाही. मधल्या काळात काय विचार केला, हे एकमेकांना सांगायचं नाही. मधे त्यांनी खांद्यावर हात टाकायचाही प्रयोग केला. तेच ते गाणं, अण्णांना लागलेलं. जेद्दात पैसे देऊन स्टुडिओ घेतला, शेजारी उभे राहिले, एका माइकवर गायले. मंगेश स्वतःच म्हणाला, "आमचं सगळ्यात बेकार गाणं. दोघं एकमेकांना सांभाळून घेत होतो. गोड गोड. त्यात भांडणच नाय." पुन्हा ते शेजारी उभे राहिले नाहीत. अण्णांनी रागाने सांगितलेली गोष्ट या पोरांना आपटी खाऊन कळली, आणि ती अशी कळली, हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी चहा पिता पिता मी म्हटलं, "अण्णांनी सवाल दिलाय." त्याचा कप खाली आला.

"काय सवाल?"

"स्टेजवर कळेल."

"नको सांगू," तो म्हणाला. "आधी सांगितलास तर ते खोटं होईल." आणि मग दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसला.

रस्ता

'दक्षिणवाले'चा कार्यक्रम जेद्दाला होता, रियाधपासून साडेनऊशे किलोमीटर. विमानाने दोन तास लागतात आणि आधी काढलं तर तिकीटही परवडतं. पण आमच्यासोबत वाद्यं होती, म्हणून सुर्वेमामांच्या गाडीतून निघालो. सुर्वेमामा मंगेशचे फोरमन, देवरुखचे, पंचवीस वर्षं इथे. तरुणपणी तुऱ्याच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. 'दक्षिणवाले'चा ठेका म्हणजे सुर्वेमामा. ढोलकी आणायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी केबल गुंडाळायचा रिकामा लाकडी ड्रम आडवा घातला आणि दोन्ही हातांनी बडवायला घेतला. चाळ नव्हते, तर तारेच्या टोकाला लावायचे तांब्याचे लग एका वायरीत ओवले आणि मंगेशच्या सेफ्टी बुटाला बांधले. हा जुगाड नंतर त्यांची खूण झाला. आता इतर रॅपवाले लॅपटॉपवर तसला आवाज काढायला बघतात.

गुरुवारी पहाटेची, फजरची अजान झाली आणि निघालो. रस्ता सरळ, आठपदरी, कंटाळवाणा आणि गुळगुळीत. वाळवंट पिवळं असतं असं मला वाटायचं. ते तासातासाला रंग बदलतं, कधी विटकरी, कधी राखाडी, कधी तर चक्क गुलाबी. वाटेत एका पेट्रोल पंपावर तमीस खाल्ला. तमीस म्हणजे परातीएवढी भट्टीतली रोटी, सोबत शिजवून घोटलेली फूल म्हणजे वालासारखी कडधान्याची उसळ. तिघांचं पोट दहा-बारा रियालमध्ये टम्म. दुपारी एका ठिकाणी खाली बसून एका ताटात कब्सा, भात नि कोंबडी. मामा म्हणाले, "ताई, ताटातला आपल्यासमोरचा भाग खायचा. दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाय."

मागच्या सीटवर मंगेश फोनवर पुराणं वाचत होता. अठरा पुराणांची नावं, चौदा रत्नं, नवनाथ, सगळं पाठ चालू, कारण सामन्यातले सवाल बहुधा पुराणांतले असतात.

"मामा, शंकराच्या धनुष्याचं नाव काय?"

"अरे, मला घरचा गॅसचा नंबर आठवत नाय."

मला हसूही येत होतं आणि गलबलूनही. सवाल माझ्या जिभेवर होता आणि त्यात पुराणातलं काहीच नव्हतं. एकदा वाटलं, सांगून टाकावा. ताईफच्या अलीकडे त्याने विचारलं, "निदान अवघड आहे का, एवढं तरी सांग." मी म्हटलं, "साधा आहे." त्याने डोळे मिटले. "साधाच वाईट असतो," म्हणाला.

ताईफनंतर घाट उतरतो. वळणावळणांचा, खोल दरीचा, कठड्यांवर माकडं. गाडीतली तिन्ही कोकणी माणसं एकदम बोलकी झाली. आंबा घाट मोठा का हा मोठा यावर वीस मिनिटं वाद झाला आणि आंबा घाट जिंकला. मक्केकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुसलमानेतरांसाठी वेगळा फाटा आहे, पाट्या स्पष्ट आहेत, त्या फाट्याने वळून संध्याकाळी जेद्दाला पोचलो. दार उघडलं आणि दमट खारा वारा आला. रत्नागिरीच्या जेटीवर येतो तसाच.

जेद्दा

जेद्दाला जाल तर बलदमध्ये सकाळी जा. जुनं गाव, पोवळ्याच्या दगडाची उंच घरं आणि त्यांना लाकडी जाळीचे सज्जे. गल्ल्या सावलीच्या, मसाल्याची आणि धुपाची दुकानं. अशाच एका गल्लीत इम्तियाजचं दुकान आहे. उमऱ्याला आलेल्या लोकांना लागणाऱ्या बॅगा तो विकतो.

"ताय, या. खुर्ची नाय, बॅगेवर बसा. टिकाऊ हाय, पडणार नाय."

अठ्ठावीस वर्षांचा, किडकिडीत, बोलताना हात सारखे हलणारे. जन्म इथलाच. कोकणी आईकडून शिकला, शाळा इंग्रजी, गिऱ्हाईकांशी अरबी आणि हिंदी. मागच्या खोलीत बॅगांची छतापर्यंत थप्पी, मधे एक माणूस मावेल एवढी फट. तोच त्याचा स्टुडिओ. मी आत शिरून "ओ" केलं तर आवाज कापसात गेल्यासारखा जिथल्या तिथे थांबला. म्हणजे 'दक्षिणवाले'ची सगळी गाणी अर्धी ब्लँकेटात आणि अर्धी बॅगांत झालेली आहेत, हे आता ऐकताना मला कळतं. मंगेशचा आवाज गुदमरलेला आणि इम्तियाजचा कोरडा.

"आजोबांचा शक्तीचा गळा मी कॅसेटवर ऐकलाय," तो म्हणाला. "अर्धं समजायचं नाय. आई समजवायची. अण्णा मना ओळखतात का?"

"नावाने नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

त्याने मान हलवली आणि मला चहा ओतला. मग हळूच म्हणाला, "मंग्याच्या घरी माझ्यामुळे तीन वर्सं वाकडं झालंय. तो बोलत नाय, पण कडव्यात येतं ना." त्या क्षणी हा पोरगा मला माझा वाटला.

कार्यक्रम

शुक्रवारी संध्याकाळी शहराबाहेरच्या एका इस्तिराहात कार्यक्रम होता. इस्तिराहा म्हणजे भाड्याचं कुंपणाचं आवार, हिरवळ, एक हॉल, एक स्वयंपाकघर. लोक घरचे समारंभ तिथे करतात. शे-दीडशे माणसं आली होती, बहुतेक आपल्या किनाऱ्यावरची, बायका-मुलांसह. माझ्या शेजारची एक लहान मुलगी आईला विचारत होती, "मम्मी, ये कौनसा लँग्वेज है?" आई म्हणाली, "तुझंच आहे, ऐक गप."

हिरवळीच्या दोन टोकांना दोघे उभे राहिले, समोरासमोर, मधे वीस पावलं अंतर. मध्यावर सुर्वेमामा आणि त्यांचा केबलचा ड्रम. मामांनी थाप टाकली, मंगेशने बूट आपटला आणि तांब्याचे लग छमकन वाजले. बाई गं! लहानपणी मंडपाच्या कनातीबाहेर उभी राहून मी जे ऐकायचे तेच होतं ते. आमच्यावेळी पोरींना पार्टीत घेत नव्हते. चाली सगळ्या पाठ, पण गायची सोय नाही.

पहिलं गाणं इकाम्याचं. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना, तो सतत खिशात लागतो.

"नाव तुझं काय?" "इकामा!"
"गाव तुझा काय?" "इकामा!"
"रातीला सपनात बायको इली, ती म्हणते काय?" "इकामा!"

हसून हसून माणसं आडवी झाली. पण चौथ्या कडव्यात इम्तियाजने विचारलं, "हितंच जन्मलो, गाव माझा कंचा?" आणि मंगेशने लगेच जवाब दिला नाही. तो थांबला. त्या थांबण्यात त्यांचं सगळं होतं, एक दिवसाचं अंतर, साडेनऊशे किलोमीटर. मी बहीण म्हणून सांगत नाही, पोस्टात शिक्के मारणारी तिरसट बाई म्हणून सांगते. ही पोरं थोर आहेत.

चौथ्या गाण्यानंतर मंगेशने माइक माझ्या हातात दिला.  "अण्णांचा सवाल," एवढं सांगितलं, चाल आली आणि गळा मोकळा झाला.

"गोड्या पाण्याची नदी निघाली, खाऱ्या दर्यात गेली रं,
खारट झाली, तर ढगामधी ती गोड कशानं झाली रं?"

 मंगेशचा चेहरा उतरला. पुराणं सगळी फुकट गेली होती. त्याने ओठ ओले केले, माइक तोंडाशी नेला, "अण्णा, ढगामधी..." म्हणाला आणि अडकला. पुन्हा म्हणाला, "ढगामधी..."  झालं, संपलं, असंच वाटलं मला.

तेवढ्यात सुर्वेमामांनी ड्रमवर एक जोराची थाप मारली.

"थांब रे मंग्या! तू कशाला तोंड उघडतोस? सवाल तुऱ्याच्या शाहिरानं घातलाय. तू कोण?"

"मी... मी पण तुऱ्याचाच."

"मग? आपल्याच पार्टीला सवाल कोण घालतो? येड्या, तो तिकडं उभा हाय त्याला हाय तो!"

मामांचं बोट वीस पावलांवरच्या इम्तियाजकडे होतं.

मला कळायला दोन श्वास लागले. शाहिराची लेक आणि शाहिराचा लेक, आम्ही दोघं जन्मापासून सामने बघत आलो, आणि एवढी साधी रीत विसरलो! अण्णांनी परीक्षा घेतलीच नव्हती. त्यांनी शक्तीवाल्याला शाहीर मानलं होतं, म्हणून सवाल धाडला. आणि मंगेशला विचारलं नव्हतं, कारण मंगेश त्यांच्या बाजूला उभा होता. तीन वर्षं तो त्यांच्याच पार्टीत होता.

मंगेश खाली बसला. हिरवळीवर, भर कार्यक्रमात, मांडीवर माइक ठेवून. खांदे हलत होते. मग उठला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, ठेका. समोरच्याला विचार करायला वेळ द्या." तशी रीत आहे, जवाबाआधी दुसऱ्या पार्टीने एक गाणं म्हणायचं. त्याने अण्णांचं जुनं गाणं म्हटलं. एकट्याने, मोठ्याने.

गाणं संपलं तेव्हा इम्तियाजने पाण्याची बाटली उचलून एक घोट घेतला, बाटलीकडे बघितलं आणि हसला.

"जेद्दामधी नळ सोड शाहीरा, दर्याच येतो घरात रं,
आगीवाचून मीठ सुटंना, गोडवा सारा वाफेत रं.
तुझा पोरगा तापला हितं, सहा वर्सं झाली रं,
चाखून बघ की एकदा त्याला, खारट चव ती गेली रं."

या देशात नदी नाही. प्यायचं पाणी समुद्रातून मीठ काढून येतं, तिथल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. आवारभर शिट्ट्या आणि टाळ्या. सुर्वेमामा ड्रम सोडून नाचत होते. (नंतर मंगेश कानात म्हणाला, "आता आग नाय गं, पुष्कळ ठिकाणी दाबानं गाळतात. अण्णांना सांगू नकोस.")

पण जवाब देऊन सुटका नसते. इम्तियाजने हात वर केला आणि आपला सवाल टाकला.

"तोच ढग मग फिरून आला, पाणी डोंगरी पडलं रं,
आपलंच पाणी हाय हे नदीनं, सांग, कसं ओळखलं रं?"

मी तो चार वेळा म्हणून पाठ केला. शिवाय फोनवर सगळं घेतलंही, गाण्यांसकट.

परत

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात नाजिल नावाचा मासा निवडला, तिथेच तळून घेतला आणि तिघांनी बॅगा आवळायच्या आधी खाल्ला. खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी, विमान सोडलं तर आठवडा मला कोकणातल्या हॉटेलातल्या आठवड्याएवढाच पडला. स्वेटर न्या. बाई एकटी फिरू शकते का, तर फिरू शकते, मी बत्हात आणि बलदमध्ये निवांत फिरले, अंगभर कपडे घातले आणि कुणी वाकडं बघितलं नाही. पण सौदीतून मी काय आणलं असं विचाराल तर खजूर आणि दोन ओळी. वाळवंटाचा गुलाबी रंग आता पुसट झालाय. त्या दोन टोकांमधली वीस पावलं मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तडक अण्णा-आईच्या घरी गेले. अण्णा ओटीवर. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"जवाब आला?"

"आला. आणि सवालही आलाय."

ते ताठ बसले. सवाल ऐकावाच लागतो. मी फोनवर घेतलेला कार्यक्रम लावला, तोही मुद्दाम पहिल्यापासून, इकाम्यापासून. ते उठले नाहीत. लगांचा आवाज आला तेव्हा भुवई वर गेली. "चाळ कसले हे?" मी सांगितलं. "हं," म्हणाले. मंगेशने म्हटलेलं त्यांचं गाणं आलं तेव्हा बोटं मांडीवर चालू लागली. "दुसऱ्या ओळीला घाई करतो. तेव्हाही करायचा." मग इम्तियाजचा जवाब, मग सवाल. पुन्हा लावायला लावला.

तीन दिवस गेले. आई म्हणाली, "जेवताना पुटपुटतात." चौथ्या दिवशी दुपारी मला पोस्टात फोन. "त्या शक्तीवाल्या पोराचं नाव काय? जवाबात घालावं लागतं." मी नाव सांगितलं. "आजोबांचं?" तेही सांगितलं. "संध्याकाळी ये. ते आवाजाचं पत्र पाठवतेस ना, ते करायचंय."

संध्याकाळी अण्णांनी आधी गण, म्हणजे गणपतीचं नमन म्हटलं, नातू-आजोबा दोन्ही शाहिरांची नावं घेतली आणि त्या थकलेल्या, अजून स्वच्छ गळ्याने म्हणाले,

"नाव न पुसलं, गाव न पुसलं, कान लावला जरासा रं,
खळखळ ऐकून नदी म्हणाली, आवाज माझ्या घरचा रं."

मी पाठवलं, दोघांनाही. एक मिनिट गेलं. मग फोन वाजला, मंगेशचा. अण्णांनी उचलला.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

आईने सवयीने पदराला हात पुसला आणि फोन घ्यायला हात पुढे केला. अण्णांनी फोन दिला नाही.